दुपारी बाराला सोलर इन्व्हर्टर का पडतो? आधी मीटरला विचारा

इंदूरच्या सुदामानगरातून आलेला प्रश्न थोडक्यात असा. गच्चीवर ५ किलोवॉटचे सोलर आहे, सिंगल फेज इन्व्हर्टर आहे आणि खाली स्मार्ट मीटर बसला आहे. सकाळी सगळे सुरळीत चालते. ऊन चढले की साधारण साडेअकरा ते दोनच्या दरम्यान इन्व्हर्टर ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ दाखवून बंद पडतो, दोन-तीन मिनिटांनी परत लागतो, पुन्हा पडतो. सोलर बसवणारा म्हणतो लाइन खराब आहे, वीज कंपनीचे झोन ऑफिस म्हणते इन्व्हर्टर खराब आहे. त्यात मीटरच्या ॲपवर निर्यातीची (ग्रिडला दिलेल्या विजेची) युनिट इन्व्हर्टरच्या युनिटपेक्षा कमी दिसतात, म्हणून मीटरवरही संशय आहे. शेवटी विचारले आहे की, देशात एवढे सोलर लागते आहे तर ग्रिडला आपली वीज नकोच झाली आहे का?

ग्रिडला तुमची वीज हवी आहे. अडचण तुमच्या इन्व्हर्टरपासून डीपीपर्यंतच्या (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरपर्यंतच्या) शेवटच्या शे-दीडशे मीटरमध्ये आहे. तिथे नेमके काय बिघडले आहे ते अर्ध्या तासाच्या मोजणीत कळते. ती मोजणी कोणी करत नाही, म्हणून दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवत राहतात.

इन्व्हर्टर पडतो तेव्हा तो नियमच पाळत असतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या जोडणी विनियमांप्रमाणे (त्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली) ग्रिडचा दाब (व्होल्टेज) ठरलेल्या दाबाच्या ११० टक्क्यांवर गेला किंवा ८० टक्क्यांखाली आला की अशा यंत्रणेने २ सेकंदांच्या आत सुटायचे असते. २३० व्होल्टचे ११० टक्के म्हणजे २५३ व्होल्ट. सुटल्यावर दाब आणि फ्रिक्वेन्सी मर्यादेत येऊन किमान ६० सेकंद स्थिर राहिल्याशिवाय परत जोडायचे नाही, हाही त्यातलाच नियम. बरेच इन्व्हर्टर कारखान्यातूनच त्याहून जास्त थांबतात. दिवसात २० वेळा पडला आणि दर वेळी ३ मिनिटे गेली, तर ऐन दुपारचा एक तास गेला, म्हणजे रोज ४ युनिटांच्या आसपास. महिन्याला सव्वाशे युनिट अशी हवेत जातात.

आता दाब का वाढतो, हे पाहू. घरात वीज येते तेव्हा डीपीकडून घराकडे येताना दाब पडत जातो. घरातून वीज बाहेर जाते तेव्हा उलट होते. प्रवाह ढकलायचा तर इन्व्हर्टरला खांबावरच्या दाबापेक्षा वर चढावे लागते आणि वाटेतल्या वायरचा जितका रोध (रेझिस्टन्स), तितके जास्त चढावे लागते. ५ किलोवॉट पूर्ण ताकदीने चालले की २५० व्होल्टला प्रवाह २० अँपिअर. खांबापासून मीटरपर्यंत ३५ मीटर, १० चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियम सर्व्हिस केबल धरू. तिचा रोध किलोमीटरला ३.०८ ओहम, आणि जाणे-येणे मिळून ७० मीटर. हिशेब येतो ०.२२ ओहमच्या जवळपास, म्हणजे ४.३ व्होल्ट. उन्हात केबल तापली की यात आणखी पंधरा टक्के धरा. गच्चीवरच्या इन्व्हर्टरपासून खाली मीटरपर्यंत २० मीटर, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असेल तर तिथे आणखी ३.७ व्होल्ट. दोन्ही मिळून ८ झाले. खांबावर २४५ व्होल्ट असले, जे अजिबात जगावेगळे नाही, तरी इन्व्हर्टरच्या तोंडाशी २५३ येऊन ठेपतात. पॅनेल चांगली, इन्व्हर्टर चांगला, लाइनही मर्यादेत, आणि तरी यंत्र पडते. ही केबल घर बांधताना पंखे, फ्रिज, टीव्ही एवढ्या हिशेबाने टाकलेली असते. त्या घरातून एक दिवस तासन्‌तास २० अँपिअर उलटे वाहतील, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हते.

डीपीची बाजूही समजून घ्या. वितरणाच्या रोहित्रावर (ट्रान्सफॉर्मरवर) ११ केव्ही / ४३३ व्होल्ट, म्हणजे आत ११ हजार आणि बाहेर ४३३ व्होल्ट, असे लिहिलेले असते. ४३३ ला ३ च्या वर्गमुळाने भागले की फेज-न्यूट्रलमध्ये २५० व्होल्ट येतात. म्हणजे भार नसलेला डीपी मुळातच २५० देतो! यात चूक कोणाची नाही. संध्याकाळी भार आला की रोहित्रात आणि लाइनमध्ये जो दाब पडतो तो आधीच भरून ठेवलेला असतो. ही सगळी रचना वीज एकाच दिशेने वाहते असे धरून केलेली आहे. दुपारी घरे रिकामी असतात आणि गच्च्यांवरून वीज उलटी येते, तेव्हा दाब पडायचे कारणच उरत नाही. त्यात ११ केव्हीची लाइन त्या वेळी ११.३ वर असेल तर डीपीचे २५० सरळ २५६-२५७ होतात. मग तुमची केबल कितीही जाड असो, इन्व्हर्टर पडणारच.

म्हणून आधी मोजा, मग खर्च करा. यासाठी ट्रू आरएमएस मल्टिमीटर हवा आणि परवानाधारक वायरमन हवा. स्वतः उघड्या टर्मिनलला हात लावू नका. या मापाच्या इन्व्हर्टरच्या डीसी बाजूला, म्हणजे पॅनेलकडच्या वायरांत, काही शे व्होल्ट असतात आणि एसी बंद केले तरी ऊन असेपर्यंत ते तसेच राहतात. बंद करताना आधी एसी आयसोलेटर (जोडणी तोडणारा स्विच), मग डीसी. पॅनेलच्या वायरचे प्लग चालू भारावर ओढून काढायचे नाहीत. डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही, ती जळत राहते.

मोजणीसाठी स्वच्छ उन्हाचा दिवस आणि बारा-साडेबाराची वेळ घ्या. घरातला भार दोन्ही वेळा सारखा ठेवा, फ्रिज आणि पंख्यांपुरता. इन्व्हर्टर चालू असताना एकाच मिनिटात दोन ठिकाणचा दाब लिहा. एक इन्व्हर्टरच्या एसी टर्मिनलवर, दुसरा मीटरपाशी. मीटरचा दाब त्याच्याच पडद्यावर दिसतो, बटण दाबत गेलात की व्होल्टेज येते. मग एसी आयसोलेटर बंद करा, अर्धा मिनिट थांबा आणि मीटरचा दाब पुन्हा लिहा. समजा चालू असताना इन्व्हर्टरपाशी २५४ आणि मीटरपाशी २५० आले, आणि बंद केल्यावर मीटरपाशी २४२. पहिल्या दोन आकड्यांतला ४ चा फरक तुमच्या घरातल्या वायरचा. चालू आणि बंद यांतला ८ चा फरक सर्व्हिस केबल, तिचे जोड आणि खांबापासून डीपीपर्यंतची लाइन यांचा. केबलचे साडेचार-पाच आपण वर काढलेच आहेत, उरलेले ३ जोडात किंवा लाइनमध्ये आहेत. एवढ्या तीन आकड्यांनी ‘लाइन की इन्व्हर्टर’ हा वाद मिटतो. मल्टिमीटर आणि इन्व्हर्टरचा पडदा यांत दोन-अडीच व्होल्टचा फरक असू शकतो, तोही लिहून ठेवा. इन्व्हर्टर २५३ समजून २५१ लाच सुटत असेल, तर ते कंपनीच्या सर्व्हिसवाल्याने तपासून द्यायचे काम आहे.

चौथा आकडा सगळ्यांत मोलाचा आणि त्यासाठी मध्यरात्रीनंतर जागायची गरज नाही. पहाटे तीन-चारचा दाब. स्मार्ट मीटर ठरावीक अंतराने, साधारणपणे दर अर्ध्या तासाला, सरासरी व्होल्टेज, प्रवाह, आयात आणि निर्यात नोंदवून ठेवतो. मीटरच्या आत सुमारे महिनाभराची नोंद असते. झोन ऑफिसकडे लेखी मागा: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतचा, माझ्या मीटरचा, दाबासह लोड प्रोफाइल. पहाटे ऊन नसते आणि भारही थोडा असतो. तेव्हाही मीटर २५० च्या पुढे दाखवत असेल तर त्याला सोलर जबाबदार नाही, डीपीचा टॅप (रोहित्रातून किती दाब बाहेर पडायचा ते ठरवणारी जोडणी) किंवा ११ केव्हीचा दाब वर आहे. पहाटे २४० आणि दुपारी २५० असेल, आणि तुमचा इन्व्हर्टर बंद केल्यावर तो झटकन खाली येत असेल, तर दोष तुमच्या केबलमध्ये आणि जोडात. दुपारी वर आहे, पण तुमचा इन्व्हर्टर बंद करूनही फारसा खाली येत नाही, तर शेजारपाजारचे सोलर तुमच्याच फेजवर गोळा झाले आहे. आणि दाब दिवसरात्र वर-खाली नाचत असेल, शेजारी कोणी गिझर लावला की तुमचे दिवे प्रखर होत असतील, तर न्यूट्रल ढिला आहे. हा शेवटचा प्रकार असला तर पुढचे वाचत बसू नका, आधी तक्रार नोंदवा. न्यूट्रल पूर्ण सुटला तर एखाद्या घरात ३०० व्होल्टच्या वर जाऊन फ्रिज-टीव्ही जळतात.

लोड प्रोफाइल वाचताना एक चूक हमखास होते. त्यात अर्ध्या तासाची सरासरी असते, इन्व्हर्टर मात्र २ सेकंदांत निर्णय घेतो. सरासरी २४९ दिसली म्हणून २५३ कधी झालेच नाहीत असे होत नाही. उलट इन्व्हर्टर पडला की दाब खाली येतो आणि त्याने सरासरीही खाली येते. म्हणून इन्व्हर्टरचा फॉल्ट लॉग (तो कधी आणि का पडला याची नोंद), वेळेसकट, शेजारी ठेवून वाचावा.

आता दुरुस्त्या, ज्या क्रमाने कराव्यात त्या क्रमाने.

पहिली दुरुस्ती जोडाची. खांबावर सर्व्हिस वायर लाइनला कशी जोडली आहे ते खालून दुर्बिणीने किंवा मोबाइलचा कॅमेरा मोठा करून पाहता येते. नुसती गुंडाळी मारलेली असेल, काळी पडली असेल, इन्सुलेशन वितळलेले दिसत असेल, तर तिथेच रोध आहे. एका वाईट जोडाचा ०.१ ओहम रोधसुद्धा २० अँपिअरला २ व्होल्ट खातो आणि ४० वॉट उष्णता काढतो, म्हणजे सोल्डरिंगची एक बारकी इस्त्री खांबावर दुपारभर चालू ठेवल्यासारखे. उष्णतेने ॲल्युमिनियम सैल होते, सैल झाले की रोध वाढतो, रोध वाढला की आणखी तापते. एबी केबल (इन्सुलेशन असलेल्या तारा एकत्र पिळलेली खांबावरची केबल) असेल तर दात असलेला कनेक्टर, जो इन्सुलेशन भेदून पकड घेतो, तो बसवायला सांगा. घराच्या बाजूला ॲल्युमिनियम आणि तांबे जिथे भेटतात तिथे दुहेरी धातूचा लग (वायरच्या टोकाला दाबून बसवायचा तुकडा) हवा. त्याशिवाय पावसाळ्यानंतर तो जोड गंजलाच समजा. हे काम स्वस्त आहे आणि पुष्कळदा एवढ्यानेच भागते.

दुसरी दुरुस्ती वायरची. घरातली ४ ची वायर काढून १० चौरस मिलिमीटर तांबे टाका, २० मीटरला ३.७ ऐवजी दीड व्होल्ट. सर्व्हिस केबल १० ऐवजी २५ चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियम करा, ४.३ ऐवजी १.७ व्होल्ट. दोन्ही मिळून ५ व्होल्ट वाचले आणि २५३ चे २४८ झाले. सोलरवाल्यांचे कोटेशन घेताना एसी केबलची जाडी आणि लांबी लिहून घ्या. पॅनेलच्या ब्रँडवर तासभर घासाघीस होते आणि या दोन आकड्यांकडे कोणी बघत नाही. पुढची पंचवीस वर्षे यंत्र चालणार आहे ते याच वायरवर. वायर प्रवाह सोसते की नाही एवढेच पाहून ४ ची टाकतात. २० अँपिअर ती सोसते, प्रश्न दाबवाढीचा असतो. इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची वाढ १ टक्क्याच्या आत, म्हणजे सव्वादोन व्होल्टांच्या आत ठेवा.

तिसरी दुरुस्ती फेजची. लाइनमन जोडणी देताना शिडीवरून हाताला जी फेज सोपी लागते त्यावर जोडतो. एका गल्लीतली सात-आठ सोलरची घरे एकाच फेजवर आली की तीच फेज दुपारी फुगते आणि बाकीच्या दोन उपाशी असतात. तोल ढळल्याने न्यूट्रलमधून प्रवाह वाहतो आणि त्याचाही दाब त्यात मिळतो. डीपीवर मीटर असेल तर दुपारी एक आणि रात्री नऊ, अशा दोन वेळांचे तिन्ही फेजचे प्रवाह आणि दाब मागा. तुमची फेज बदलणे हे एका लाइनमनचे अर्ध्या तासाचे काम आहे, आणि यासारखा परिणामकारक व बिनखर्चाचा उपाय दुसरा नाही. त्याच्या पुढची पायरी म्हणजे थ्री फेज कनेक्शन आणि थ्री फेज इन्व्हर्टर. ५ किलोवॉट तीन फेजांत वाटले की प्रत्येकीत ६.७ अँपिअर आणि न्यूट्रल जवळजवळ रिकामा, त्यामुळे त्याच १० च्या केबलमध्ये दाबवाढ ४.३ वरून ०.७ व्होल्टवर येते. सहापट फरक! नवे सोलर घेणाऱ्यांनी ५ किलोवॉट असेल तर सुरुवातीलाच थ्री फेजचा विचार करावा, नंतर इन्व्हर्टर बदलणे महाग पडते.

चौथी दुरुस्ती टॅपची. डीपीचा टॅप बदलायला लाइन बंद करावी लागते. त्याची एक पायरी साधारण अडीच टक्क्यांची, म्हणजे ६ व्होल्ट. हा उपाय मोहात पाडणारा आहे, पण सगळ्यांत शेवटी करावा. दुपारी तुमचे ६ व्होल्ट कमी झाले की संध्याकाळी लाइनच्या शेवटच्या घराचेही ६ कमी होतात, आणि तिथे आधीच २१५ मिळत असतील तर त्यांची मोटर उचलणार नाही. आधी फेजचा तोल, मग पहाटेचा दाब तपासून टॅप, असा क्रम ठेवला तर एकाचे दुखणे दुसऱ्याच्या गळ्यात पडत नाही.

इन्व्हर्टरच्या सेटिंगबद्दल जरा सावकाश लिहितो, कारण इथे चुकीचे सल्ले फार मिळतात. सर्व्हिसवाला पासवर्ड टाकून ओव्हर व्होल्टेजची मर्यादा २६५ किंवा २७० करतो आणि ‘झालं, आता पडणार नाही’ म्हणतो. हे करू देऊ नका. नियम मोडला जातो हे तर आहेच, पण तो वाढलेला दाब तुमच्याच घरातल्या एलईडी दिव्यांना, सर्ज प्रोटेक्टरना आणि शेजाऱ्यांच्या फ्रिजला रोज दुपारी सोसावा लागतो. आधी इन्व्हर्टरमध्ये देश कोणता निवडला आहे ते पाहा. कारखान्यातून दुसऱ्याच देशाचे सेटिंग तसेच राहिलेले असते, आणि मग मर्यादा भारतापेक्षा कमी किंवा जास्त असते. त्यानंतर दाबानुसार उत्पादन कमी करण्याची सोय आहे का ते पाहा. २४८ पर्यंत पूर्ण, तिथून पुढे हळूहळू कमी, असे लावले की यंत्र पडत नाही. दुपारी ५ ऐवजी ४ किलोवॉट देत चालू राहते आणि तासाच्या तासाची गळती थांबते.

रिॲक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करता लाइनमध्ये ये-जा करणारी वीज) शोषून दाब कमी करण्याचेही सेटिंग असते, ते जपून वापरा. बारीक सर्व्हिस केबलमध्ये रोध खूप आणि रिॲक्टन्स (एसी प्रवाहाच्या चढ-उताराला होणारा विरोध) नगण्य असतो, त्यामुळे तिथे त्याचा उपयोग जवळजवळ नाही. उपयोग होतो तो रोहित्रात, आणि तोही सगळ्यांनी मिळून केले तर. २०० केव्हीएच्या डीपीवर ४० घरांच्या ५-५ किलोवॉटच्या इन्व्हर्टरांनी ०.९५ पॉवर फॅक्टरने शोषले, तर ६५ केव्हीएआरच्या (हे रिॲक्टिव्ह पॉवरचे एकक) आसपास होतात आणि साधारण साडेतीन व्होल्ट खाली येतात. एकट्या घराने केले तर आकडाही हलत नाही. म्हणून हे वितरण कंपनीने पूर्ण डीपीसाठी ठरवून द्यायचे सेटिंग आहे.

आता मीटर. ॲपवर निर्यात कमी दिसते यात बहुतेक वेळा मीटरची चूक नसते. इन्व्हर्टर तयार झालेली सगळी वीज मोजतो. मीटर फक्त घरात वापरून उरलेली मोजतो. इन्व्हर्टरने दिवसात २० युनिट केली, निर्यात १३ दाखवली, आयात ६ दाखवली, तर २० मधली ७ घरातच वापरली गेली आणि घराचा एकूण वापर ७ अधिक ६, म्हणजे १३. हा हिशेब महिनाभर जुळत असेल तर मीटर ठीक आहे.

खरी चूक दुसरीच असते आणि ती मोठी असते. आपल्याकडचे साधे मीटर चोरी रोखण्यासाठी अशा पद्धतीने लावलेले असतात की प्रवाह उलटा वाहिला तरी तो वापरातच धरला जातो. स्मार्ट मीटर आयात-निर्यात दोन्ही वेगळे मोजू शकतो, पण तशी मांडणी त्यात करावी लागते. ती न करता सोलर चालू केले तर तुम्ही बाहेर दिलेली वीज तुमच्याच बिलात लागते. तपासणी सोपी आहे. भर दुपारी घरातला भार शक्य तितका कमी करा, मीटरवरचे आयात आणि निर्यात हे दोन्ही आकडे लिहा, दहा मिनिटे थांबा. ४ किलोवॉट बाहेर जात असतील तर निर्यातीत ०.६ ते ०.७ युनिट वाढायला हवे आणि आयात जागच्या जागी राहायला हवी. आयात वाढली तर इन्व्हर्टर त्याच क्षणी बंद करा आणि मांडणी दुरुस्त होईपर्यंत लावू नका. नेट मीटरिंगची (दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करण्याची) मंजुरी आणि मीटरची मांडणी हातात येण्याआधी ‘नुसते चालवून बघू’ म्हणणारा सोलरवाला तुमचे नुकसान करतो आहे.

ॲपवर मधले काही तास कोरे दिसले तर घाबरू नका. रेडिओवर चालणारे मीटर एकमेकांच्या साखळीतून माहिती पुढे देतात, सिमवर चालणारे थेट टॉवरला. साखळीतला एखादा दुवा बंद असला की माहिती उशिरा पोचते, हरवत नाही. बिल एकूण वाढत्या आकड्यावर होते आणि तो मीटरच्या आत सुरक्षित असतो. तरीही संशय फिटत नसेल तर फेब्रुवारी २०२४ च्या ग्राहक हक्क नियमांच्या दुरुस्तीप्रमाणे, वापराशी नोंद जुळत नाही अशी तक्रार केल्यावर ५ दिवसांत दुसरा, पडताळणीचा मीटर लावून द्यायची जबाबदारी वितरण कंपनीची आहे, आणि तो किमान ३ महिने चालवून तुलना करायची असते.

त्याच दुरुस्तीतले आणखी एक कलम तुमच्यासाठी थेट कामाचे आहे. १० किलोवॉटपर्यंतच्या छतावरच्या सोलरचा परिपूर्ण अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर धरला जातो, आणि ५ किलोवॉटपर्यंतच्या सोलरसाठी वितरणाच्या बाजूची जी मजबुती लागेल ती कंपनीने स्वतःच्या खर्चाने करायची. तुमचे सोलर बरोबर ५ किलोवॉटचे आहे. खांबावरचा जोड, फेजचा तोल, डीपीचा टॅप, लाइनची जाडी ही त्यांची कामे. मीटरनंतरची वायर आणि इन्व्हर्टरची सेटिंग तुमची आणि सोलरवाल्याची. मुळात हे कलम न्याय्य आहे. तपासणी काढून टाकली म्हणजे प्रधानमंत्री सूर्यघर या छतावरच्या सोलरच्या केंद्रीय योजनेतून अर्ज वेगाने सुटले, पण कोणत्या डीपीवर, कोणत्या फेजवर किती सोलर आले याचा आधी घेतला जाणारा अंदाजही गेला. ती उणीव आता स्मार्ट मीटरच्या माहितीनेच भरून काढता येते. मला तरी स्मार्ट ग्रिडचा खरा उपयोग इथेच दिसतो. आयएस १६४४४ (स्मार्ट मीटरचे भारतीय मानक) प्रमाणे बनलेला मीटर नुसता बिलासाठी वापरणे म्हणजे त्याचा निम्मा गुण वाया घालवणे आहे. डीपीखालच्या सगळ्या मीटरांचे दुपारचे दाब एका तक्त्यात मांडले की कोणते घर कोणत्या फेजवर आहे आणि कुठला जोड सडला आहे, हे खांबावर न चढता कळते.

ग्रिडला वीज नको झाली आहे का, याचे उत्तर थोडे वरच्या पातळीवरून. जून २०२५ अखेर देशाच्या एकूण स्थापित क्षमतेत कोळसा-वायू सोडून इतर स्रोतांचा वाटा निम्म्यावर गेला. आपल्याजवळचेच पाहिले तर आगर, शाजापूर, नीमच इथे मोठे सौर प्रकल्प आहेत, आणि नर्मदेचे पाणी इंदूरला चढवण्यासाठी लागणाऱ्या विजेकरता महापालिकेने जलूदच्या ६० मेगावॉट प्रकल्पासाठी फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे (पर्यावरणपूरक कामासाठी लोकांकडून घेतलेले कर्ज) काढले. असे प्रकल्प उच्चदाबाच्या उपकेंद्रावर जोडलेले असतात. तिथल्या मोठ्या रोहित्रांना चालू भारावर टॅप बदलता येतो, आणि राज्यातल्या विजेची मागणी आणि पुरवठा जुळवणाऱ्या जबलपूरच्या राज्य भार प्रेषण केंद्रात अक्षय ऊर्जेसाठी वेगळा कक्ष पुढच्या उत्पादनाचा अंदाज बांधत असतो. दुपारचे ऊन मावळून दिवे लागण्याच्या दीड-दोन तासांत जी तफावत पडते ती भरायला इंदिरा सागरचे १००० आणि ओंकारेश्वरचे ५२० मेगावॉट जलविद्युत हाताशी आहे. पाणी सोडले की काही मिनिटांत वीज वाढते, कोळशाच्या संचाला तेवढे चपळ होता येत नाही. वरची पातळी अशी सांभाळली जाते. गल्लीतल्या डीपीला ना चालू भारावरचा टॅप, ना अंदाज, ना कोणी पाहणारा. म्हणून त्रास तुमच्या गच्चीवर दिसतो.

तोपर्यंत तुमच्या हातात एक गोष्ट आहे. वापर दुपारी आणा. नर्मदेचे नळ ज्या दिवशी येतात त्या दिवशी खालच्या टाकीतून वर पाणी चढवायची १ हॉर्सपॉवरची मोटर बारानंतर लावा, ती किलोवॉटभर खेचते. वॉशिंग मशीन, इस्त्री, मिक्सरची कामे तेव्हाच. दर ४ अँपिअर घरात खपले की वरच्या उदाहरणातल्या केबलमध्ये सुमारे १ व्होल्टची वाढ टळते. जून २०२३ च्या केंद्रीय नियमदुरुस्तीने उन्हाच्या तासांचा दर कमी आणि संध्याकाळचा जास्त अशी दिशाही ठरवून दिली आहे, तेव्हा ही सवय ज्या शेजाऱ्यांकडे सोलर नाही त्यांनाही लावा. त्यांनी दुपारी वापर केला तर तुमचाच दाब उतरतो.

झोन ऑफिसला अर्ज देताना ‘सोलर चालत नाही’ असे लिहू नका, तो अर्ज बाजूला पडतो. ग्राहक क्रमांक, डीपीचा क्रमांक, खांब क्रमांक लिहा. मग मोजणीची तारीख-वेळ, चालू असताना इन्व्हर्टरपाशी किती, मीटरपाशी किती, बंद केल्यावर किती, पहाटेचा किती. फॉल्ट लॉगचा फोटो जोडा. आणि मागणी तीनच ओळींत करा: खांबावरचा जोड तपासून नवा करणे, डीपीचे फेजनिहाय प्रवाह दुपारी व रात्री मोजून माझी फेज बदलणे, सर्व्हिस केबल २५ चौरस मिलिमीटरची करणे. पोच घ्या.

दुरुस्तीनंतरची खात्री मे महिन्यात करू नका. मे मध्ये पॅनेल तापून ६५ अंशांवर जातात, उत्पादन बारा-चौदा टक्के घटते, आणि गल्लीभर एसी-कूलर चालू असतात. दाब आपोआपच खाली असतो आणि काम झाले असे वाटते. खरी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, होळी ते रंगपंचमीच्या आसपास असते. आकाश स्वच्छ, हवा गार, पॅनेल पूर्ण ताकदीवर आणि घरात पंखेसुद्धा धड सुरू झालेले नसतात. त्या आठवड्यात एखाद्या दुपारी साडेबाराला तेच तीन आकडे पुन्हा लिहा. इन्व्हर्टरपाशी २४९ च्या आत आले तर पुढचे वर्षभर लॉग उघडायची गरज पडणार नाही.